दहा किलोमीटरच्या वर्तुळात नदी मावत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: "कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, नदीकाठी, साखर कारखान्याला जोडून रोज ६० हजार लिटरची नवी आसवनी (अल्कोहोल गाळायचा कारखाना) होणार आहे. जनसुनावणीची जाहिरात पेपरात आली. पर्यावरण अहवाल कारखान्यानंच पैसे देऊन करून घेतलाय आणि त्यात नदीवरचा परिणाम 'नगण्य' लिहिलाय. आम्ही भोई, चार पिढ्या याच पाण्यात जाळं टाकतोय. बाहेरच्या देशांत आदिवासींचा नदीवर हक्क मानतात, प्रकल्पाची स्वतंत्र तपासणी होते, असं वाचलं. आम्हाला ती मागता येईल का? आणि त्यासाठी तज्ज्ञ कुठून आणायचा?"

मागता येईल. पण तज्ज्ञ शोधायला आधी पळू नका. 'नगण्य' हा शब्द कसा तयार होतो ते कळलं, तर तज्ज्ञाला काय विचारायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल. ते कळण्याआधी आणलेला तज्ज्ञ तुमचे पैसे घेऊन तसलाच दुसरा अहवाल लिहून देईल.

नद्यांच्या पाण्याचे नमुने घेण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. त्यातली पहिली सहा अशाच एका सल्लागार संस्थेत. आम्ही खोटं लिहायचो असं नाही. नकलेचा गाढवपणा मात्र व्हायचा. आमच्या एका अहवालात कोल्हापूरच्या नदीत बोंबील सापडल्याची नोंद होती, कारण समुद्रकाठच्या प्रकल्पाचं कोष्टक कुणीतरी तसंच चिकटवलं होतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात तर रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर निघाला होता. हे पकडणं सोपं असतं. अवघड असतं ते खऱ्या आकड्यांतून बनवलेलं 'नगण्य'.

नदीतला मासा गुदमरतो तो रात्री. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू सोडतात, रात्री त्याच तो ओढून घेतात, आणि तळाचा गाळ कुजत असतोच. म्हणून पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो सूर्य उगवायच्या थोडा आधी. आमची जीप कोल्हापुरातून आठला निघायची, वाटेत मिसळ व्हायची, पहिली बाटली भरेपर्यंत अकरा. एका फेब्रुवारीत बंधाऱ्याजवळ जाळं झटकत बसलेल्या एका म्हाताऱ्या भोयानं विचारलं, "ताई, मासं पहाटं तोंड काढून वर येतंय. तुम्ही दुपारी कुणाचं पाणी तपासताय?"

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या स्कूटरवरून पावणेसहाला गेले. तीनशे मिलीची काचेची बाटली पाण्याखालीच भरायची, तिथंच बूच लावायचं, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग पिपेटनं मँगनीज सल्फेट, पाठोपाठ अल्कली आयोडाइड. पाण्यात प्राणवायू असला की तपकिरी साका धरतो. रंग जितका दाट तितका प्राणवायू जास्त. त्या पहाटे साका पांढरा आला, पातळ ताकासारखा. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. त्याच दगडावर बसून अकराला परत बाटली भरली, तर फिकट बदामी. अहवालात अकराचा आकडा गेला. पहाटेचाही घ्या म्हटलं, तर उत्तर मिळालं की कार्यकक्षेत वेळ लिहिलेली नाही. खरंच नव्हती.

कार्यकक्षा म्हणजे अहवालात काय काय तपासायचं त्याची यादी. ती राज्याची तज्ज्ञ मूल्यांकन समिती ठरवते, पण प्रस्तावक, म्हणजे प्रकल्प आणणारा कारखाना, जो अर्ज भरतो त्यावरून. तुमची वेळ येते ती जनसुनावणीला, तोवर प्रश्न ठरून गेलेले असतात. सल्लागाराला पैसे कारखाना देतो ही तक्रार सगळे करतात आणि ती खरी आहे. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत व्यवस्थाच तशी आहे. सल्लागाराला मान्यता लागते, पण मान्यतेनं पैसे देणारा बदलत नाही. तरी माझ्या अनुभवात पैशापेक्षा प्रश्न कुणी ठरवला यानं जास्त घोटाळा होतो. प्रामाणिक माणूससुद्धा अकरा वाजताच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर देतो.

आता तुमचा अहवाल उघडा आणि पहिल्यांदा नमुन्यांच्या तारखा बघा. अशा प्रकल्पांत बहुतेक वेळा पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती पुरेशी धरतात. ती ऑक्टोबर ते डिसेंबरमधली असेल, तर नदीला पावसाचं पाणी अजून वाहतं असतं आणि गाळप हंगाम नुकता सुरू झालेला असतो. आपल्या नद्या फेब्रुवारीपासून मेपर्यंत वाहत्या नद्या नसतातच. बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की डोहांची माळ होते, आणि धरणातून आवर्तन सुटेल तेव्हाच पाणी पुढं सरकतं. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा देशभर याच नावानं ओळखतात, पण आपल्याच जिल्ह्यातल्या नदीच्या अहवालात बरगे हा शब्द नसतो. नमुना घेतला त्या दिवशी बरगे घातलेले होते का, शेवटचं आवर्तन किती दिवसांपूर्वी झालं, हे विचारा. तुंबलेल्या पाण्यावर आवर्तन आलं की तळाचा काळा गाळ ढवळतो, ते सगळं पाणी पुढच्या बंधाऱ्यावर जातं आणि तिथं मासे तरंगतात. हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग नकाशा बघा. प्रकल्पाच्या भोवती दहा किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलेलं असेल. धूर आणि धुळीसाठी वर्तुळ ठीक आहे. पाणी वर्तुळात पसरत नाही, ते एकाच दिशेला जातं. वरच्या बाजूचे दहा किलोमीटर तपासून काही मिळत नाही, आणि खालच्या बाजूला अकराव्या किलोमीटरवर असलेला तुमचा बंधारा अभ्यासाच्या बाहेर राहतो. वळणं घेत जाणारी नदी वर्तुळ ओलांडेपर्यंत वीस किलोमीटर वाहते ते वेगळंच. पंचगंगेच्या खोऱ्यातली घाण प्रयाग चिखलीच्या, म्हणजे पंचगंगा सुरू होते त्या संगमाच्या, वर नदीत पडली तरी तिचा हिशेब नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळेपर्यंत करावा लागतो.

पुढचा शब्द 'शून्य द्रव विसर्ग'. अहवालाचा सगळा भार त्यावर असेल: कारखान्यातून थेंबभरही पाणी बाहेर जाणार नाही, म्हणून नदीवर परिणाम नगण्य, म्हणून नदीचा अभ्यास कमी. इथंच थांबा. आपल्याकडं ज्याला सरसकट मळीचं पाणी म्हणतात ते म्हणजे स्पेंटवॉश, अल्कोहोल काढून झाल्यावर उरणारं सांडपाणी. (खरी मळी हा कच्चा माल, ती कुणी फेकत नाही, विकतात.) एक लिटर अल्कोहोलमागं साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो, म्हणजे ६० हजार लिटरच्या आसवनीतून रोज ५ ते ९ लाख लिटर. त्याची जैविक प्राणवायू मागणी (घाण कुजताना पाण्यातला जेवढा प्राणवायू खाते तो) लिटरला ४० ते ५० हजार मिलिग्रॅम असते, तर आंघोळीच्या पाण्याला चालते ३. दहा हजार लिटरचा एक टँकर रात्री नाल्यात रिकामा झाला, तर ती मागणी ३ वर आणायला जवळजवळ १५ कोटी लिटर स्वच्छ पाणी लागेल. एप्रिलमध्ये ते कुठून येणार?

टँकर रिकामा होईलच असं मी म्हणत नाही. तंत्र चांगलं आहे: स्पेंटवॉश आटवून दाट करतात आणि बॉयलरमध्ये जाळतात, किंवा प्रेसमडमध्ये (उसाचा रस गाळून उरलेल्या चोथ्यात) मिसळून खत करतात. पण शून्य हे यंत्र चालू असतानाचं शून्य असतं. बॉयलर आठ दिवस बंद पडला तर आसवनीही बंद ठेवणार का? साठवण तलावात किती दिवसांचा स्पेंटवॉश मावतो? खताचं मैदान पावसात चालत नाही, मग जून ते सप्टेंबर काय करणार? आणि तलावाचा काठ पूररेषेच्या किती वर आहे? राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ ला पाणी त्याच्याही बारा फुटांवर गेलं. त्या दोन पुरांत प्रस्तावित तलावाच्या जागी पाणी होतं की नाही, हे सांगायला गावातली शेंबडी पोरंही पुरे. राज्याचं नदी नियमन क्षेत्र धोरण होतं, कारखाना नदीपासून किती लांब हवा ते ठरवणारं. ते २०१५ मध्ये सरकारनं रद्द केलं. त्यामुळं अंतराचा नियम दाखवून प्रकल्प थांबेल या भरवशावर राहू नका.

आता तुमच्या हक्काचं. इथं गोड बोलून उपयोग नाही. महाराष्ट्रात भोई समाज भटक्या जमाती (ब) मध्ये आहे, अनुसूचित जमातीत नाही. कोल्हापूर जिल्ह्याचा कोणताही भाग अनुसूचित क्षेत्रात येत नाही, म्हणून तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागत नाही. 'देशी', म्हणजे मूळनिवासी, लोकांच्या हक्कांच्या जाहीरनाम्याच्या बाजूनं भारतानं २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मत दिलं. पण सगळेच भारतीय इथले मूळचे, अशी सरकारची भूमिका राहिली आहे. नदीचं पात्र महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे सरकारचं. तेव्हा 'नदी आमची' एवढंच म्हणून उभे राहिलात तर समोरचा अधिकारी मान डोलावेल आणि इतिवृत्तात 'भावना व्यक्त केल्या' असं येईल.

पण हातात काहीच नाही असंही नाही. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये मासे आणि पाणवठ्यातलं उत्पन्न हा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिला आहे. तुमची मासेमारी वरच्या अंगाला जंगलाच्या हद्दीत जात असेल तर तो दावा बघा. मात्र बिगर आदिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीची ७५ वर्षं दाखवावी लागतात. काठाला कुणाची जमीन असेल, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात काठावरच्या मालकाला पाणी अवाजवी घाण न होता मिळण्याचा हक्क आहे. मत्स्य कायद्यात पाण्यात विष कालवून मासे मारणं गुन्हा आहे. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे, पर्यावरण अहवालात बाधितांच्या उपजीविकेचा विचार करावाच लागतो, त्याला जातीचा दाखला लागत नाही. तुमच्या अहवालातलं सामाजिक परिणामाचं प्रकरण उघडा. 'मासेमारी' हा शब्द आहे का? मी वाचलेल्या दहातल्या आठ अहवालांत काठावरची शेती असते, पाण्यात उभा असलेला माणूस नसतो.

बाहेरच्या देशांत स्वतंत्र तपासणी होते असं तुम्ही लिहिलंय. ती कशामुळं स्वतंत्र झाली ते बघण्यासारखं आहे. कॅनडात १९७४ साली मॅकेंझी नदीच्या खोऱ्यातून गॅसची पाइपलाइन न्यायची ठरली, तेव्हा थॉमस बर्जर या न्यायाधीशाला चौकशीला नेमलं. तो पस्तीस वस्त्यांवर गेला, लोकांच्या भाषेत ऐकलं, आणि आदिवासी संघटनांना स्वतःचे तज्ज्ञ नेमायला सरकारकडून पैसे देववले. कंपनीकडं शास्त्रज्ञांची फौज आणि समोर एकटा शिकारी, हा सामना त्यानं होऊ दिला नाही. १९७७ ला त्यानं लिहिलं की खोऱ्यातली पाइपलाइन दहा वर्षं थांबवा, आधी जमिनीचे दावे मिटवा.

हाच बर्जर पुढं आपल्या दारात आला. सरदार सरोवराला जागतिक बँकेचं कर्ज होतं. लोकांनी इतका आवाज केला की १९९१ मध्ये बँकेला स्वतंत्र परीक्षण नेमावं लागलं: ब्रॅडफर्ड मोर्स अध्यक्ष, बर्जर उपाध्यक्ष. मोर्स यांनी काम घेण्याआधी स्वतंत्र खर्च, बँकेच्या सगळ्या कागदांपर्यंत पोच आणि अहवाल जसाच्या तसा छापण्याची मोकळीक मागून घेतली. धरणाच्या पाण्याखाली जाणारी आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणीची ३३ गावं त्यात होती. बुडणाऱ्या गावांचं तर त्यांनी लिहिलंच, पण धरणाच्या खाली काय होणार हा प्रश्नही विचारला. भडोचच्या बाजूला हिल्सा मासा धरणाऱ्यांचं काय? खालच्या अंगाचा धड अभ्यासच झालेला नाही, असं त्यांना आढळलं. जून १९९२ मध्ये त्यांनी बँकेला मागं व्हायला सांगितलं आणि १९९३ च्या मार्चमध्ये भारतानं उरलेलं कर्ज सोडून दिलं. धरण उभं राहिलं, हेही खरं.

ओडिशातल्या नियमगिरीचं आणखी वेगळं. तिथं बॉक्साइटसाठी डोंगर फोडायचा होता, वंशधारा नदी त्याच डोंगरात उगम पावते. २०१० मध्ये केंद्रानं नेमलेल्या सक्सेना समितीनं कंपनीच्या कागदांत नसलेले डोंगरिया कोंध आदिवासी आणि त्यांचे झरे कागदावर आणले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं. ते त्यांना मिळालं वनहक्क कायद्यामुळं, जो तुम्हाला पूर्ण लागू होत नाही. म्हणून नियमगिरीचं नाव सुनावणीत घेऊ नका. मोर्स परीक्षणाचा खालच्या अंगाचा प्रश्न घ्या, तो तुम्हाला शंभर टक्के लागतो.

सुनावणीचं काम सांगते. जाहिरात किमान ३० दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे तुमच्या हातात आता तीनेक आठवडे असतील. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय आणि ग्रामपंचायतीत बघायला मिळतो. मराठीत फक्त सारांश असतो, खरी माहिती इंग्रजी परिशिष्टांतल्या कोष्टकांत. कॉलेजातली एखादी पोरगी बरोबर न्या आणि कोष्टकांचे फोटो काढा. हरकती आधी लेखी द्या, पोच घ्या. सुनावणीला अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो, सगळ्याचं चित्रीकरण होतं, शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवावं लागतं. लोक भाषण करून चहाला जातात आणि हे वाचन रिकाम्या खुर्च्यांपुढं होतं. तुम्ही बसून राहा. आपलं वाक्य वाचलं गेलं नाही तर तिथंच उठून सांगा. गणसंख्येची अट नाही, बहिष्कार टाकलात तरी सुनावणी झाली असंच धरतात, आणि मी आजवर बहिष्कारानं मिळालेलं काही पाहिलेलं नाही.

मागणी एका वाक्यात नको, मोजता येईल अशी करा. फेब्रुवारी ते मे या काळात, बरगे घातलेले असताना, प्रकल्पाच्या खालच्या प्रत्येक बंधाऱ्यावर, सूर्योदयापूर्वी आणि दुपारी अशा दोन्ही वेळी विरघळलेला प्राणवायू मोजा. माशांची नोंद स्थानिक मच्छीमारांसमोर करा. हे काम करणारी संस्था मूल्यांकन समितीनं निवडावी, खर्च प्रस्तावकानं समितीमार्फत द्यावा. समिती हे सगळं ऐकेलच असं नाही. पण जनसुनावणीतल्या मुद्द्यांना अंतिम अहवालात उत्तर द्यावंच लागतं, आणि टोलवाटोलवीचं उत्तर पुढं तुमच्या कामी येतं. मंजुरी मिळाली तर राष्ट्रीय हरित लवादाच्या (पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाच्या) पुणे खंडपीठाकडं ३० दिवसांत अपील करायचं, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. त्यापुढं दार बंद. शेजारच्या गोव्यात मोपा विमानतळाच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपुऱ्या माहितीवर दिलेली मंजुरी अडवली होती आणि समितीला परत विचार करायला लावला होता. पुढं विमानतळ झाला, पण जादा अटी घालूनच.

तज्ज्ञ आता आणा. शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र विभागात विचारा. त्यांना "अहवाल तपासा" असं सांगू नका. वरचे चार प्रश्न द्या: नमुने कधी घेतले, वर्तुळाच्या खाली नदीचं काय, शून्य विसर्गाचं यंत्र बंद पडलं तर काय, आणि मासेमारी अहवालात कुठं आहे. पाण्याची चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच करून घ्या, नाहीतर लवादात ती टिकत नाही. आणि तज्ज्ञापेक्षा जुना एक पुरावा तुमच्या घरात असण्याची शक्यता आहे. दुसऱ्या एका नदीवर काम करताना आठवडी बाजारात मासे विकणारी एक बाई भेटली. मासे किती कमी झाले विचारल्यावर म्हणाली, "मी लिवून ठेवतो की." (बाहेरगावच्या वाचकांसाठी: आमच्याकडं बायका असंच बोलतात.) बारक्या वहीत अकरा वर्षांचा उधारीचा हिशेब होता. तारीख, गिऱ्हाईक, मरळ अमुक किलो, वाम इतके नग. पानं उलटत गेले तशी वाम एका उन्हाळ्यानंतर दिसेनाशी झाली, मरळ आटली, आणि चिलापीच (तिलापिया) चिलापी. आमच्या संस्थेनं त्या नदीवर तीन दिवस काढले होते. त्या वहीतली पानं लेखी हरकतीला जोडली, आणि अख्ख्या सुनावणीत सल्लागाराला उत्तर देता आलं नाही ते तेवढ्याच प्रश्नाचं.

तुमच्या आजीकडं, आत्याकडं, मच्छीमार सोसायटीच्या दप्तरात अशी वही असेल तर उद्याच काढा. नसेल तर आजपासून लिहायला लागा: कोणत्या बंधाऱ्यावर, किती वाजता, किती जाळी, काय मिळालं, पाण्याचा रंग आणि वास. मासे मेलेले दिसले तर फोटोत बंधाऱ्याचा खांब आला पाहिजे, नाहीतर जागा पटवता येत नाही. सुनावणीच्या आधीच्या आठवड्यात नदीला अवचित पाणी सुटलं आणि ती स्वच्छ दिसायला लागली, तर ती तारीखही वहीत हवी.